धाटाच्या भेंडातून घडलेला ख्रिस्त

मेक्सिकोच्या पश्चिमेला मिचोआकान नावाचा प्रांत आहे. तिथल्या जुन्या चर्चमध्ये क्रुसावरच्या येशूचे काही पुतळे आहेत. पूर्ण पुरुषभर उंचीचे, अंगावर जखमा, बरगड्या मोजता येतील इतके हुबेहूब. पाहणाऱ्याला वाटते, सागवानासारख्या एखाद्या जड लाकडातून कोरलेले असतील, उचलायला चार-सहा माणसे लागत असतील. प्रत्यक्षात त्यांतले काही पुतळे एकटा माणूस सहज उचलतो. कारण ते लाकडाचे नाहीत, दगडाचे नाहीत. ते मक्याच्या धाटाच्या भेंडाचे आहेत.

आपल्या खेड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना भेंड म्हणजे काय हे सांगायला नको. ज्वारीचे वाळलेले धाट सोलायचे, वरची टणक साल वेगळी काढायची, आतला पांढरा मऊ गाभा वेगळा करायचा आणि सालीच्या काड्या त्यात टोचून बैलगाडी करायची. त्या गाडीला वजन असे नसतेच. मेक्सिकोतल्या पुरेपेचा नावाच्या लोकांनी अगदी याच प्रकारच्या गाभ्यातून आधी आपले देव घडवले असे इतिवृत्तकार सांगतात, आणि पराभवानंतर त्याच गाभ्यातून जेत्यांचा देव घडवला. आजचा लेख त्या गाभ्याबद्दल आणि त्या हातांबद्दल आहे.

काही वाचक विचारतील, मूर्ती हा आपला विषय आहे का? पूजा कोणाची करायची, याबद्दल माझ्या मनात गोंधळ नाही आणि हा लेख त्यासाठी नाही. पण इतिहासात मूर्ती कोणी फोडल्या आणि कोणी घडवल्या, या प्रश्नाने आपल्या देशात रोजचे जगणे ढवळून निघते. आपल्याला तो प्रश्न टाळता येत नाही. मग तो दूरच्या, आपला थेट हितसंबंध नसलेल्या भूमीवर एकदा नीट पाहिला तर डोके थंड राहते. शिवाय या गोष्टीत मुसलमान अगदीच नाहीत असेही नाही. ते कुठे आहेत ते पुढे येईलच.

राजा जाळला, मग चर्च उभे राहिले

पुरेपेचा लोकांचे राज्य पात्स्क्वारो या तळ्याच्या काठी होते. राजधानी त्सिंत्सुंत्सान. स्पॅनिश लोक त्यांना तारास्कन म्हणत. शेजारचे अॅझटेक साम्राज्य त्या काळी साऱ्या मध्य मेक्सिकोला भारी होते, पण पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने पुरेपेचांवर चाल केली तेव्हा त्याला मोठा मार खावा लागला. पुरेपेचा तांब्याचे काम करण्यात वाकबगार होते. त्यांची भाषा आसपासच्या कुठल्याच भाषेची नातेवाईक नाही. त्यांचा मुख्य देव कुरिकावेरी, अग्नीशी जोडलेला. राजाला ते कासोन्सी म्हणत.

१५२१ मध्ये कोर्तेसने अॅझटेक राजधानी पाडली. त्याआधीच देवीचा रोग पुरेपेचा मुलखात पोहोचला होता. राजा सुआंगुआ त्यात गेला आणि त्याचा मुलगा तांगाशुआन गादीवर आला. शेजाऱ्यांची दशा पाहून या तरुण राजाने लढाई केली नाही, स्पेनचे स्वामित्व मान्य केले, बाप्तिस्माही घेतला. एवढे करून काय मिळाले? १५३० च्या फेब्रुवारीत नुन्यो दे गुस्मान या स्पॅनिश अधिकाऱ्याने त्याच्यावर खटला भरला. सोने लपवले, स्पॅनिश माणसे मारवली, बाप्तिस्मा घेऊनही मूर्तिपूजा चालू ठेवली, असे आरोप होते. छळ करून त्याला मारले आणि प्रेत जाळले. ज्याने शरणागती पत्करली त्याचा हा शेवट.

त्याच सुमारास मूर्तिभंजनही जोरात होते. मेक्सिकोचे पहिले बिशप सुमार्रागा यांनी १५३१ मध्ये युरोपातल्या आपल्या धर्मबंधूंना पत्र लिहिले. पाचशेहून अधिक देवळे पाडली आणि वीस हजारांहून अधिक मूर्ती फोडल्या, जाळल्या, असा हिशेब त्यांनी त्यात अभिमानाने दिला आहे. आकडा फुगवलेला असू शकतो. आपल्याकडच्या दरबारी बखरी आणि तवारिखा वाचणाऱ्याला असले आकडे परिचित आहेत. पुण्याचे काम म्हणून विध्वंसाची संख्या वाढवून सांगण्याची सवय एकाच धर्माच्या लेखकांना होती असे नाही.

गुस्मानच्या अत्याचारांनंतर स्पेनच्या दरबाराने नवी माणसे पाठवली. त्यांत वास्को दे किरोगा हे कायदेपंडित होते. १५३१ मध्ये ते न्यायाधीश म्हणून मेक्सिकोत आले आणि १५३८ मध्ये मिचोआकानचे बिशप झाले. त्याआधीची त्यांची एक नोकरी आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. उत्तर आफ्रिकेतले ओरान शहर तेव्हा स्पेनच्या ताब्यात होते. १५२५ च्या सुमारास किरोगा तिथे न्यायाधीश होते आणि शेजारच्या त्लेमसेनच्या मुस्लिम राजाशी झालेल्या तहात त्यांचा हात होता. म्हणजे परक्या धर्माच्या, परक्या भाषेच्या प्रजेशी कायद्याच्या चौकटीत कसे वागायचे, याचा पहिला धडा या माणसाने मगरिबच्या मुसलमानांमध्ये गिरवला होता.

किरोगा यांनी टॉमस मोर यांचे ‘युटोपिया’ वाचले होते आणि त्या नमुन्यावर इंडियन लोकांसाठी वसाहती उभारल्या. त्यांत सामाईक जमीन, कामाचे ठरलेले तास, दवाखाना आणि धर्मशिक्षण अशी व्यवस्था होती. प्रत्येक गावाला एकेक हस्तकला त्यांनीच नेमून दिली, असे मिचोआकानची लोकपरंपरा आजही मानते. ती सगळी शब्दशः खरी नसणार, कारण तांबे, लाखकाम, पिसांचे काम ही कसबे त्यांच्या आधीपासून त्या मातीत होती. पण त्यांनी ती मारली नाहीत, वापरली. लोक आजही त्यांना ‘ताता वास्को’ म्हणतात. ताता म्हणजे बाबा. ज्यांच्या राजाला दहा वर्षांपूर्वी जाळले त्यांनी हा शब्द दिला, ही किरोगा यांची कमाई. तरीही ते साम्राज्याचेच अधिकारी होते आणि त्यांची वसाहत धर्मांतरासाठीच होती, हे विसरून चालणार नाही. चांगला माणूस आणि अन्यायी व्यवस्था या दोन्ही गोष्टी एकाच जागी असू शकतात.

खांद्यावरचे देव

आता भेंडाकडे येऊ. १५४० च्या आसपास एका फ्रान्सिस्कन पाद्र्याने पुरेपेचा पुजाऱ्यांकडून आणि सरदारांकडून ऐकून त्यांचा इतिहास लिहून घेतला. ‘रेलासिओन दे मिचोआकान’ या नावाचे ते हस्तलिखित स्पेनच्या एस्कोरियल ग्रंथालयात आहे. लढाईला निघताना देवांना पाठीवर घेऊन चालणाऱ्या पुजाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग होता, हे त्यातून कळते. देव सैन्याबरोबर जात.

पुढे सतराव्या शतकात आलोन्सो दे ला रेआ आणि अठराव्या शतकात मातियास दे एस्कोबार या पाद्री इतिहासकारांनी यामागचे कारण सांगितले. दगडाचा देव रणात नेला आणि पराभव झाला तर त्याला तिथेच टाकून पळावे लागते, तो शत्रूच्या हाती पडतो. म्हणून या लोकांनी मक्याच्या भेंडाचे हलके देव केले, जे पाठीवर घेऊन पळता येईल. पराभवाची शक्यता आधीच धरून देव घडवणारे लोक! मला या कल्पनेत भित्रेपणा दिसत नाही, शहाणपण दिसते. जे आपल्याला सर्वांत प्रिय आहे ते संकटात उचलून नेता आले पाहिजे.

इथे एक सावधगिरी हवी. विजयाआधीचा भेंडाचा एकही पुरेपेचा देव आज शिल्लक नाही. सुमार्रागांच्या पत्रातला हिशेब आठवला तर त्याचे नवल वाटत नाही, आणि भेंड आगीत काही क्षणांत जाते. त्यामुळे ‘ही कला जुनीच होती’ या विधानाचा आधार मुख्यतः पाद्र्यांच्या उशिरा लिहिलेल्या ग्रंथांवर आहे. काही अभ्यासक म्हणतात की माल आणि डिंक स्थानिक, पण पोकळ पुतळा साच्यावर कागद चिकटवून घडवण्याची युक्ती स्पेनमधून आली, कारण तिकडेही कागद आणि कापडाचे हलके पुतळे होत होते. मला वाटते दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. कारखान्यात दोन कारागीर शेजारी बसले की चौथ्या दिवशी कुठली युक्ती कोणाची हे त्यांनाही सांगता येत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. मेक्सिकोतल्या मक्याच्या मूर्तींविषयी लिहिताना बरेच लोक म्हणतात की या लोकांच्या श्रद्धेनुसार माणूसच मक्यापासून झाला. ती कथा मायांची आहे, ग्वाटेमालाच्या बाजूची. पुरेपेचांच्या गळ्यात ती परस्पर घालू नये. मका मात्र त्यांचाही अन्नदाता होता. मक्याचे पीक माणसाने पहिल्यांदा घेतले ते सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी, बाल्सास नदीच्या खोऱ्यात. हे खोरे मिचोआकानच्या दक्षिण अंगालाच आहे.

मक्याच्या नावाची गंमतही सांगून टाकतो. अमेरिकेचे हे धान्य कोलंबसनंतर जगभर गेले आणि जिथे गेले तिथे लोकांना वाटले की ते दुसरीकडून कुठून तरी आले. इटलीत त्याला ‘तुर्की धान्य’ म्हणतात. तुर्कस्तानात त्याला ‘मिसिर’ म्हणतात, म्हणजे मिसर देशाचे, इजिप्तचे. आणि आपल्या ‘मका’ या शब्दाचा संबंध थेट मक्का शहराशी जोडणारेही आहेत, हज करून येणाऱ्यांनी बरोबर आणले म्हणून. ती व्युत्पत्ती खरी असो नसो, ज्यांनी हे पीक घडवले त्यांचे नाव यांतल्या कुठल्याही नावात आले नाही, एवढे खरे.

पुतळा कसा होत असे

कृती अशी होती. कणसे काढून घेतल्यावर धाटे वाळवायची, सोलायची, भेंड वेगळे करायचे. भेंडाचा काही भाग तसाच कांड्यांच्या रूपात ठेवायचा, काही दळून त्याची पूड करायची. डोंगरात उगवणाऱ्या काही ऑर्किडांचे कंद वाळवून, दळून, पाण्यात कालवले की चिकट डिंक होतो. नाहुआत्ल भाषेत त्याला त्झाउत्ली म्हणतात. पूड आणि डिंक मळून कणकेसारखा लगदा तयार व्हायचा.

शरीराचा सांगाडा मक्याची पाने किंवा धाटाच्या कांड्या बांधून करत, किंवा कागदाचे थर चिकटवून आत पोकळी ठेवत. त्यावर लगद्याचे थर चढवून स्नायू, बरगड्या, गाल घडवत. बोटांसारख्या नाजूक जागी आधार म्हणून टर्कीच्या पिसांच्या नळ्या घालत. हातपाय, जिथे क्रुसाला खिळायचे तिथे जोर येतो म्हणून, कधी हलक्या लाकडाचे करत. वर प्लास्टरचा पातळ हात, घासून गुळगुळीत, आणि शेवटी तैलरंगाने त्वचेचा रंग, निळसर शिरा, रक्ताच्या धारा. डोके साच्यातून काढण्याचीही पद्धत होती. एकच चेहरेपट्टी दोन वेगळ्या गावांतल्या ख्रिस्तांना दिसते ती त्यामुळे.

यात कुठेही न मिळणारी किंवा महाग वस्तू नाही. शेतातला कचरा, रानातला कंद, स्वयंपाकघराबाहेर पडलेली पिसे. जेत्यांकडून आला तो तैलरंग आणि विषय. वजन इतके कमी की मिरवणुकीत पुतळा तासन्‌तास खांद्यावर नेता येई. स्पेनमध्ये पवित्र आठवड्याच्या मिरवणुकीत लाकडी पुतळ्यांच्या चौकटीखाली डझनावारी माणसे घामाघूम होतात. मिचोआकानात तो भार भेंडाने हलका केला. मिरवणुकीची वस्तू हलकी हवी हे आपल्याकडे मोहरमचे ताबूत करणाऱ्यांना माहीत आहे. बांबूच्या कामट्या आणि कागद यांच्याइतका प्रामाणिक माल दुसरा नाही.

या कामाची पहिली मोठी प्रसिद्ध मूर्ती म्हणजे पात्स्क्वारोची ‘आरोग्यमाता’, स्पॅनिशमध्ये ‘साल्लूद’ची मेरी. १५३८ ते १५४० च्या सुमारास किरोगा यांनी ती स्थानिक कारागिरांकडून करवून घेतली आणि आपल्या दवाखान्यात ठेवली. रोगांच्या साथींनी गावेच्या गावे ओस पडत असतानाचा तो काळ. पुढे तिला रेशमी वस्त्रे नेसवायची म्हणून भेंडात घडवलेली मूळ वस्त्रांची घडण छाटून टाकण्यात आली. भक्तीनेच कारागिराच्या कामावर कात्री चालवली. आज ती पात्स्क्वारोच्या बॅसिलिकात आहे.

हालिस्को प्रांतातल्या सापोपान आणि सान हुआन दे लोस लागोस इथल्या मेरीच्या छोट्या मूर्तीही मक्याच्याच लगद्याच्या मानल्या जातात. सापोपानची मूर्ती तर जेमतेम एका हाताएवढी. दर वर्षी १२ ऑक्टोबरला ग्वादालाहारा शहरातून तिची परतीची यात्रा निघते, लाखो लोक चालतात. युनेस्कोने २०१८ मध्ये ही यात्रा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

पोटातले कागद

या विषयात मला सर्वांत हलवून गेलेली गोष्ट मेक्सिको शहराजवळच्या मेक्सिकाल्त्सिंगो गावच्या ख्रिस्ताची आहे. हा पुतळा खराब झाला होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो तपासला गेला तेव्हा आतली पोकळी कागदांच्या थरांनी बनलेली आढळली. कागद कोरे नव्हते. त्यांवर स्थानिक चित्रलिपीतल्या नोंदी होत्या. नोंदी कशाच्या, तर खंडणीच्या. कोणत्या गावाने मालकाला काय आणि किती द्यायचे, त्याचा हिशेब. आबेलार्दो कारिल्यो इ गारिएल या संशोधकाने या पुतळ्यावर आणि या तंत्रावर लिहिलेले पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले.

कारागिराने हे मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. कागद महाग होता, जुने हिशेब रद्दीत गेले असतील, हाताला लागले ते चिकटवले असतील. प्रत्येक गोष्टीत बंडखोरी शोधण्याची आजकाल सवय झाली आहे, ती नको. पण हेतू नसला तरी वस्तुस्थिती उरतेच. वरून दयेचा देह, आणि त्या देहाला आतून उभे धरणारे करवसुलीचे कागद. साम्राज्य आणि धर्म यांचे नाते सांगायला कुठल्याही इतिहासकाराला याहून नेमके चित्र रचता आले नसते. ते त्या माणसाने रद्दी वापरून सहज करून ठेवले.

याच्या अगदी उलट नशीब राजगिऱ्याचे. अॅझटेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड रस घालून देवांच्या आकृत्या करत आणि सणाच्या शेवटी त्यांचे तुकडे प्रसाद म्हणून खात. पाद्री हादरले, कारण त्यांच्या स्वतःच्या उपासनेत ख्रिस्ताचे शरीर म्हणून भाकरी खाल्ली जाते. साम्य फार जवळचे होते, म्हणून ती प्रथा दडपली गेली. मका चालला, कारण तो खायचा नव्हता, पाहायचा होता. कुठली जुनी गोष्ट ठेवायची आणि कुठली मोडायची, हे जेत्याच्या सोयीने ठरते.

सोय असली तरी संशय जात नाही. १५५५ मध्ये मेक्सिकोत भरलेल्या पहिल्या धर्मपरिषदेने ठराव केला की तपासणी झाल्याशिवाय कोणीही, स्पॅनिश असो की इंडियन, धार्मिक प्रतिमा करू नयेत. देव करायला हात त्यांचे हवेत, पण त्या हातांवर विश्वास नाही. गोव्यातही सोळाव्या शतकात पोर्तुगीजांची हीच पंचाईत झाली. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती प्रतिमा करू नयेत म्हणून हुकूम निघाले, आणि पुन्हा पुन्हा काढावे लागले. जो हुकूम पुन्हा काढावा लागतो तो पाळला जात नव्हता हे उघड आहे. भारतीय हातांनी हस्तिदंतात घडवलेले ख्रिस्त आणि मेरी आजही जुन्या गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात पाहायला मिळतात.

मशीद म्हणून ओळखलेली देवळे

आता मुसलमान कुठे येतात ते सांगतो. कोर्तेसने १५२० मध्ये स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात चोलुला शहराचे वर्णन केले आहे. तो म्हणतो की इथल्या एका मशिदीवर उभा राहून मी चारशेहून अधिक मनोरे मोजले आणि ते सारे मशिदींचे आहेत. चोलुलात अर्थातच एकही मशीद नव्हती. अमेरिकेत इस्लाम नव्हता. पण स्पॅनिश माणसाला ‘आपले नसलेले प्रार्थनास्थळ’ यासाठी एकच शब्द ठाऊक होता. ग्रॅनाडा पडून तीस वर्षेही झाली नव्हती. तिथल्या मुसलमानांना दिलेला धर्मस्वातंत्र्याचा शब्द दहा वर्षांत मोडला, अरबी ग्रंथांची होळी झाली, सक्तीचा बाप्तिस्मा झाला. जी पद्धत अंदालुसियात बसवली तीच समुद्रापार नेली.

स्पेनचे संत सांतियागो घोड्यावर बसून मुसलमानांना तुडवताना दाखवत, त्यांचे नावच ‘मूर-मारक’ असे होते. अमेरिकेत त्याच घोड्याच्या टापांखाली इंडियन आले आणि संत ‘इंडियन-मारक’ झाले. मूर आणि ख्रिस्ती यांच्या लढाईचे नाच पाद्र्यांनी धर्मांतरित लोकांना शिकवले. पुरेपेचा गावांत मूरांचा नाच आजही होतो. ज्यांनी आयुष्यात मुसलमान पाहिला नाही ते पागोटे बांधून, मोती लावून मूर होतात. आणि पाहा, त्या नाचातले सर्वांत देखणे कपडे मूरांचेच असतात. हरणाऱ्याची भूमिका त्यांना दिली होती, त्यांनी ती मन लावून सजवली.

उलट्या बाजूचाही हिशेब द्यायला हवा. मेक्सिकोच्या वसाहतकालीन चर्चमधली गुंतवलेल्या लाकडी पट्ट्यांची छते अंदालुसियाच्या मुस्लिम सुतारकामातून आली. मेक्सिकोत गवंड्याला आजही ‘आल्बान्यिल’ म्हणतात, हा शब्द अरबी ‘अल-बन्ना’ म्हणजे बांधणारा. ज्यांच्या मशिदी बंद केल्या त्यांच्या कसबावर चर्चचे छत उभे राहिले आणि ज्यांची देवळे पाडली त्यांच्या कसबातून त्या छताखालचा ख्रिस्त घडला. अटलांटिकच्या दोन काठांवरचे दोन पराभूत समाज मिचोआकानच्या एका खोलीत एकत्र आले, एकमेकांना न पाहता.

समुद्र ओलांडून

या मूर्ती एकाच दिशेने गेल्या नाहीत. जे जहाज स्पेनमधून पाद्री आणि तैलरंग घेऊन आले त्याच मार्गाने मक्याचे ख्रिस्त परत गेले. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांवर तेल्दे नावाचे गाव आहे. तिथल्या सान हुआन चर्चमधला मोठा क्रुसावरचा ख्रिस्त सोळाव्या शतकाच्या मध्याला मिचोआकानहून आला. पूर्ण माणसाएवढा, वजन सुमारे ७ किलो. स्पेनच्या मुख्य भूमीवरही असे कित्येक पुतळे आहेत. यांतल्या काहींवर आता क्ष-किरण आणि सीटी स्कॅन करून आतली रचना पाहतात. पुतळ्याला न उघडता पोकळी, कागद, पिसांच्या नळ्या दिसतात. ज्या लाकडी म्हणून शतकानुशतके पुजल्या गेल्या त्या मूर्ती मक्याच्या आहेत, हेही असेच उघडकीला आले.

घडवणाऱ्यांची नावे मात्र कुठल्याही यंत्रात दिसत नाहीत. ग्रंथांनी दोन नावे जपली आहेत. मातियास दे ला सेर्दा हा स्पेनहून आलेला शिल्पकार, ज्याने पात्स्क्वारोत हे तंत्र शिकून घेतले, आणि त्याचा मुलगा लुईस, ज्याची आई स्थानिक होती. त्या आईचे नावही ग्रंथांनी दिलेले नाही. मातियासला भेंड कसे दळायचे आणि कंदाचा डिंक कसा करायचा हे ज्यांनी शिकवले त्या उस्तादांचीही नावे नाहीत. शिकणाऱ्याचे नाव राहिले, शिकवणाऱ्याचे गेले.

अठराव्या शतकापर्यंत ही कला ओसरत गेली. लाकडाला जास्त मान मिळाला. विसाव्या शतकात काही संशोधकांनी जुने पुतळे तपासले, काही कारागिरांनी पुन्हा हात घातला, आणि आज पात्स्क्वारोच्या परिसरात भेंडाच्या मूर्ती करणारे लोक आहेत. पर्यटकही त्या घेतात.

या साऱ्यातून आपण काय घ्यावे? एक मोह होतो तो सांगतो. ‘पाहा, ख्रिस्ती राजांनीही मूर्ती फोडल्या, मग आम्हालाच का बोल लावता?’ असे म्हणून लेख संपवता आला असता. टाळ्याही मिळाल्या असत्या. पण दुसऱ्याच्या पापाची पावती दाखवून आपला हिशेब चुकता होत नाही. सुमार्रागांचे पत्र वाचून मला सुटल्यासारखे वाटले नाही. एखाद्या दरबारी तवारिखेतला तसाच अभिमान वाचताना जशी लाज वाटते तशीच वाटली. सुलतानाने पाडलेले देऊळ आणि बिशपने जाळलेला देव यांना आपण एकाच तराजूत तोलायला शिकलो, तरच कोर्दोब्याच्या मशिदीबद्दल आणि आपल्याकडच्या मशिदींबद्दल बोलण्याचा आपला आवाज खरा वाटेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. इतिहासाची भांडणे आपण नेहमी राजे आणि धर्मगुरू यांच्या नावाने भांडतो. फोडणाऱ्याचे नाव लक्षात, फोडायला लावणाऱ्याचे लक्षात, बांधवून घेणाऱ्याचे तर दगडावर कोरलेले. पण कुठल्याही प्रार्थनास्थळात, मग ते कोणाचेही असो, ज्यांचे हात खरोखर लागले त्यांचा धर्म बहुधा मालकाहून वेगळा होता. आपल्या दर्ग्यांच्या कमानी कोरणारे पाथरवट, देवळांच्या उत्सवात चौघडा वाजवणारे मुसलमान, गणपतीचे मखर आणि मोहरमचे ताबूत दोन्ही करणारे बांबूकाम करणारे लोक, हे आपल्या गावागावांत आहेत. त्यांची यादी कोणी केली आहे? ज्याच्या घरात असे कोणी वडील माणूस अजून हयात असेल त्याने त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावे: माल कुठून आणत, खळ कशी करत, कोणाकडून शिकले, मजुरी काय मिळे. फ्रान्सिस्कन पाद्र्याने पुरेपेचा पुजाऱ्यांना विचारले म्हणून त्यांच्या देवांची वाट आपल्याला आज कळते. पण भेंड दळणाऱ्याला त्याचे नाव त्याने विचारले नाही. आपण निदान विचारू तरी.